आईचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन: रजा आधी वापरू की घरी आणल्यावर?

आडवाट
नमस्कार मंडळी. आईचं (वय ६३) एओर्टिक व्हॉल्व्हचं (हृदयातून महाधमनीत, म्हणजे सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत, रक्त सोडणारी झडप) ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलंय. तिच्या झडपेला जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्या आहेत हे आत्ता कळलं, इतकी वर्षं कुणालाच पत्ता नाही. गेल्या वर्षभरात जिना चढताना मध्येच थांबायला लागली होती, आम्ही म्हणायचो वय झालं, चालणं कमी झालंय. मग एकदा चढावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसली, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि झडप भयंकर अरुंद झालेली निघाली. छाती उघडूनच करायचंय. अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, म्हणजे बायपास लागणार नाही.

आता प्रश्न. माझ्याकडे सगळी मिळून १४ दिवसांची रजा शिल्लक आहे, त्यापुढे बिनपगारी आणि ती मिळेलच असं नाही. बाबा सत्तरीचे, कंबरदुखीने हैराण. भावाची रात्रपाळी असते. तर ही १४ दिवसांची रजा हॉस्पिटलच्या दिवसांत वापरू की घरी आणल्यावर? ज्यांनी घरच्या माणसाचं असं ऑपरेशन काढलंय त्यांनी सांगा. आणि या तीन आठवड्यांत घरात काय तयारी करून ठेवू तेही लिहा, मला झोप लागत नाहीये, काहीतरी करत राहिलं की बरं वाटतं.

जुनी_वही
घरी. डोळे झाकून घरी. माझ्या नवऱ्याचं चार वर्षांपूर्वी मायट्रल व्हॉल्व्ह रिपेअर (हृदयातल्याच दुसऱ्या एका झडपेची दुरुस्ती) झालं. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून रजा टाकली आणि पहिले चार दिवस आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून काढले, आत सोडायचे दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. तिथे नर्स आहेत, मॉनिटर आहे, सगळं त्यांच्या हातात. आठव्या दिवशी घरी आलो आणि दाराची कडी लावल्यावर लक्षात आलं की आता नर्स मीच. गोळ्यांच्या सतरा वेळा, रात्री उठवून बसवणं, अंघोळ, आणि माझी रजा उरलेली अडीच दिवस!

शाईपेन
वरच्या प्रतिसादाशी असहमत. वडिलांच्या वेळी मी पण घरासाठी रजा राखून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी आयसीयूतून फोन आला की ते नळ्या ओढतायत, या. गेलो तर बाबा मला ओळखत होते पण त्यांच्या मते आम्ही ट्रेनमध्ये होतो आणि स्टेशन येत नव्हतं. फार घाबरलो, वाटलं मेंदूला काहीतरी झालं. नंतर कळलं की याला डेलिरियम म्हणतात, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत हे बऱ्याचदा होतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं. पण आधी कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. एका जुन्या सिस्टरने विचारलं यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठाय? ते आम्ही दागिन्यांबरोबर घरी नेऊन ठेवलेलं, हरवायला नको म्हणून! ते आणलं, मी शेजारी बसून आज वार कोणता, वाजले किती, बाहेर उजेड आहे की अंधार हे बोलत राहिलो, दुसऱ्या दिवशी बाबा ट्रेनमधून उतरले. म्हणून म्हणतो, निदान ऑपरेशनचा दिवस आणि पुढचे दोन दिवस कुणीतरी घरचं हवंच.

आडवाट
@शाईपेन, आईला जाड भिंगाचा चष्मा आहे. लिहून घेतलं. हे मला कुणीच सांगितलं नसतं.

वाळूघड्याळ
वाचनखूण साठवली. माझ्याही सासऱ्यांचं ठरतंय.

तिसरा_मजला
मी स्वतः पेशंट आहे, ११ वर्षांपूर्वी ४१ व्या वर्षी मेटलचा एओर्टिक व्हॉल्व्ह बसवला. रजेचं नंतर सांगतो, आधी एक महत्त्वाचं. दात. आईंचा एखादा दात हलत असेल, कीड असेल, हिरडीतून रक्त येत असेल तर आत्ताच्या आत्ता डेंटिस्टकडे न्या. तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या झडपेवर जाऊन बसतात, त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात, तो झाला तर परत छाती उघडायची वेळ येऊ शकते. दात काढायचाच असेल तर जखम भरायला दिवस लागतात म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि पुढेही आयुष्यभर दाताचं काही करायचं असेल तेव्हा डेंटिस्टला व्हॉल्व्ह आहे हे आधी सांगायचं. दात काढणं, रूट कॅनॉल, दात साफ करणं असल्या कामांच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. माझ्या पाकिटात व्हॉल्व्हचं कार्ड कायम असतं, कंपनी, नंबर, साइज सगळं त्यावर आहे.

धुकं
व्हॉल्व्ह कुठला ठरलाय? मेटल की टिश्यू? ६३ म्हणजे बरोबर मधलं वय.

आडवाट
@तिसरा_मजला, खालचा एक दात हलतोय! उद्याच फोन करते.
@धुकं, सर्जन म्हणाले टिश्यूकडे कल आहे पण तुम्ही विचार करून सांगा. आता आम्ही काय विचार करणार, आम्हाला यातलं काय कळतं. आई म्हणते जे जास्त टिकेल ते घाला.

तिसरा_मजला
टिकण्याचं म्हणाल तर मेटलच. पण त्याची किंमत म्हणजे आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी आणि दर काही आठवड्यांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी. साध्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो, माझा अडीचच्या आगेमागे ठेवतात, मायट्रलला मेटल असेल तर साधारण ३. कमी झाला तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. ११ वर्षांच्या तीन वह्या भरल्यात माझ्या. आणि कुणी म्हणालं की हल्ली नवीन गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही, तर मेटल व्हॉल्व्हवाल्यांनी त्या घ्यायच्या नाहीत. तशी एक चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली होती, गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

टिश्यू व्हॉल्व्ह गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवतात, साधारण १० ते २० वर्षं चालतो, तरुण माणसात लवकर झिजतो, वयस्करात जास्त टिकतो. वॉरफॅरिन (तीच रक्त पातळ करायची गोळी) लागलीच तर सहसा पहिले काही महिने.

धुकं
मी टिश्यूच्या बाजूने. आमच्या मावशींचा टिश्यू १३ वर्षांनी कडक झाला, तेव्हा घरात सगळे म्हणाले बघा, मेटल घातला असता तर. पण दुसऱ्या वेळी छाती उघडलीच नाही, मांडीच्या धमनीतून नळी घालून जुन्या व्हॉल्व्हच्या आतच नवीन बसवला. आणि मधली १३ वर्षं त्यांनी एकदाही आयएनआरसाठी सुई टोचून घेतली नाही. वय, पडण्याची भीती, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, तपासणीला नेणारं माणूस आहे का, हे सगळं धरून ठरवा. "जास्त टिकेल ते" एवढ्यावर नको.

परतीचा_पाऊस
मग पहिल्यांदाच मांडीतून का नाही करत? छाती कापायचीच कशाला?

धुकं
@परतीचा_पाऊस त्याला टावी म्हणतात. २००२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी माणसावर पहिल्यांदा केलं, तेव्हा ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी होतं, आता बरंच पसरलंय. पण ६५ च्या आतल्या आणि बाकी धडधाकट माणसाला बहुतेक वेळा ऑपरेशनच सुचवतात. शिवाय आईंच्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत, तशा आकारात नळीतून नीट बसवणं जरा अवघड असतं आणि अशांची महाधमनी पण कधीकधी फुगलेली असते. त्यांच्या टीमने सीटी स्कॅन बघूनच ठरवलं असणार. आडवाटताई, महाधमनीचं माप किती आलं ते विचारून ठेवा मात्र. आणि तुम्ही भावंडांनी स्वतःचा एक इको करून घ्या, दोन पाकळ्यांचं हे घराण्यात उतरू शकतं.

अनुस्वार
अवांतर: माणसाच्या हृदयात झडपेच्या जागी बसवलेला आणि नीट चाललेला पहिला मायट्रल व्हॉल्व्ह १९६० चा, पिंजऱ्यात चेंडू असा. अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हे इंजिनियर. एडवर्ड्स आले होते अख्खं कृत्रिम हृदय बनवूया म्हणून, स्टार म्हणाले आधी एक झडप तर बनवू. मला ही गोष्ट फार आवडते, एका मोठ्या स्वप्नातला एकच सुटा भाग आधी करायला घेतला आणि त्यावर किती माणसं जगली.

तिसरा_मजला
@अनुस्वार छान माहिती. माझा मेटलचा व्हॉल्व्ह दोन पाकळ्यांचा आहे, रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला झोप यायची नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, ती पोटाशी येऊन कान लावून मोजायची आणि मोजता मोजता झोपायची. आता मला आवाज आला नाही तरच जाग येईल.

श्वास_घ्या
मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटबरोबरच काम करते. धागा चांगला चाललाय, थोडी भर.

ऑपरेशनच्या आधीचे तीन आठवडे फुकट घालवू नका. तीन बॉल वर उचलायचं ते श्वासाचं यंत्र मिळतं ना, ते आत्ता आणून आईंना शिकवा. तोंडाने हळू आत ओढायचं, वर दोन-तीन सेकंद धरायचं, सोडायचं. ऑपरेशननंतर दुखत असताना, गुंगीत असताना नवीन काही शिकणं फार कठीण जातं, हात आधीच बसलेला असेल तर पहिल्या दिवसापासून जमतं. मात्र व्यायाम म्हणून जोरात चालणं, जिने चढणं हे आत्ता बिलकुल नको, एओर्टिक अरुंद आहे आणि चक्कर येऊन गेलीय. घरातल्या घरात हळू हिंडणं पुरे.

दुसरी तालीम उठण्याची. छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधतात, ते जुळायला ६ ते ८ आठवडे आणि पक्कं व्हायला साधारण तीन महिने. म्हणजे हातांवर भार देऊन उठायचं नाही. पलंगावर आधी गुडघे वाकवायचे, मग अख्खं अंग एकदम कुशीवर, पाय खाली सोडायचे आणि पायांच्या वजनाने धड वर येऊ द्यायचं. हे आत्ता दिवसातून चार वेळा करून घ्या. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायची, त्याचीही सवय आत्ताच.

जुनी_वही
उशीचं शंभर टक्के. आमच्याकडे ती उशी सहा आठवडे घरभर हिंडत होती, गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये पण तीच. नातवाने तिचं नाव "ढाल" ठेवलेलं. पण श्वास_घ्या ताई, एक विचारते, आम्हाला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं की हात खांद्याच्या वर न्यायचेच नाहीत, तीन महिने. ह्यांनी इतकं तंतोतंत पाळलं की नंतर डावा खांदा आखडला आणि त्यालाच पाच महिने व्यायाम लागला.

श्वास_घ्या
अगदी हेच मी रोज बघते. जुन्या सूचना फार कडक असायच्या. आता आम्ही सांगतो की कोपरं बरगड्यांना चिकटवून, हात अंगाजवळ ठेवून जे काम होतं ते करा. भार नसताना दोन्ही हात एकदम, दुखेल तिथे थांबत हळूच वर नेणंही चालतं. टाळायचं काय तर एका हाताने ओढणं, ढकलणं, हात लांब करून किंवा पाठीमागे नेऊन जोर लावणं. जड दार, कपाटाचा अडकलेला खण, मागे हात नेऊन पुसणं, यांनी हाड हलतं. आणि चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पण प्रत्येक सर्जनचं थोडं वेगळं असतं, त्यांनी तुमच्या पेशंटच्या हाडाची अवस्था डोळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

बाईमाणसांसाठी अजून एक, संकोचामुळे कुणी बोलत नाही. समोरून उघडणारी, मऊ, तार नसलेली ब्रा दोन साइजमध्ये आणून ठेवा. स्तनांच्या वजनाने जखम दोन्हीकडे ओढली जाते, आधार मिळाला की दुखणं कमी आणि जखमही नीट भरते. आईंना तुम्हीच विचारा, त्या स्वतःहून सांगणार नाहीत.

शाईपेन
औषधांबद्दल. सगळ्या गोळ्यांची यादी करा, व्हिटॅमिनं, जडीबुटी, "ते काय साधंच आहे" असं म्हणतात ते सुद्धा, आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. वडिलांची क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारी गोळी) ५ दिवस आधी बंद केली होती. साखरेची डापाग्लिफ्लोझिन जातीची गोळी असेल तर ती ३ दिवस आधी थांबवतात. पण मनाने काहीही बंद करायचं नाही, लिहून घ्यायचं कोणती कधी. आणि छातीवरचे केस घरी ब्लेडने काढू नका, आम्ही उत्साहाने काढले आणि ओरडा खाल्ला, बारीक कापतं आणि तिथून जंतू शिरतात. ते तिथे मशीनने काढतात.

मीठपाणी
ऑल द बेस्ट ताई. माझ्या आईचं झालंय, मस्त आहे आता.

आडवाट
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. दात काढून झाला. टिश्यू ठरला. महाधमनीचं माप ठीक आहे. बाबा आणि आई दोघं मिळून पलंगावरून उठण्याची तालीम करतायत, बाबांचं म्हणणं त्यांच्या कंबरेला पण फरक पडलाय :)

रजेचं मात्र अजून ठरत नाहीये. डिस्चार्ज सातव्या दिवशी म्हणालेत, तर ऑपरेशनचे ३ दिवस आणि मग सातव्या दिवसापासून पुढचे ११ असं टाकू का?

जुनी_वही
तारीख टाकू नका!! "डिस्चार्ज झाल्यापासून" अशी मागा. सातवा दिवस हा अंदाज असतो. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं, एएफ म्हणतात त्याला, हे खूप जणांना होतं, साधारण तिघांत एकाला तरी. गोळ्यांनी बसतं, पण घरी सोडणं दोन-तीन दिवस पुढे जातं. साहेबांना आधीच सांगून ठेवा.

आणि घरासाठी: डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन, अंघोळीला स्टूल, रात्रीचा छोटा दिवा. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. वजन रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, खाण्याच्या आधी, त्याच कपड्यांत, आणि वहीत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगावर आलेलं मांस नव्हे, पाणी आहे, लगेच फोन करायचा. ताप ३८ च्या वर (म्हणजे १००.४ फॅरनहाइट), जखमेतून पाणी-पू, छातीचं हाड कटकट वाजणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, हात लुळा, तर थेट अँब्युलन्स.

तिसरा_मजला
आणि दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने आणून देऊ नका. मी एकदा गुडघा दुखतो म्हणून घरात पडलेली आयब्युप्रोफेन चार दिवस घेतली, वॉरफॅरिनवर असताना. संडास काळी झाली, रक्त चढवावं लागलं. आईंना पहिल्या महिन्यांत वॉरफॅरिन दिलीच तर कुठलीही नवी गोळी, अगदी बुरशीचं किंवा पोटाचं औषध सुद्धा, विचारल्याशिवाय नाही. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. हिरव्या पालेभाज्या बंद करा असं लोक सांगतील, तसं नाही, रोज साधारण तेवढ्याच खायच्या. एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्यात शून्य असं केलं की आयएनआर झोके घेतो.

(मध्ये पाचेक आठवडे गेले)

आडवाट
मंडळी, धागा वर काढतेय. आज ऑपरेशनचा १९ वा दिवस. आई घरी आहे, आत झोपलीय.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. पहिले ३ दिवस मी तिथे होते. जागी झाली तेव्हा श्वासाची नळी घशात होती त्यामुळे बोलता येत नव्हतं, हे तिला आधी सांगून ठेवलं होतं तरी डोळ्यांत भीती होती. चष्मा लावला तर लगेच माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या रात्री एएफ झालंच, ठोके १४० वर गेले. जुनी_वही ताई, तुमचं वाचलेलं होतं म्हणून मी निदान उभी राहू शकले, बाबा तर मटकन बसले. डिस्चार्ज सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. रजा तारखेने टाकली असती तर तीन दिवस वाया गेले असते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी वजन १.३ किलो जास्त. आई म्हणाली अगं काल जरा जास्त जेवले. मी तरी फोन केला. त्याच दिवशी बोलावलं, एक्सरेत डाव्या फुप्फुसाखाली पाणी होतं, लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, पाच दिवसांत उतरलं. पाय सुजलेले नव्हते, दम पण वाटत नव्हता, वहीतला आकडा नसता तर आम्ही अजून तीन-चार दिवस नक्की काढले असते.

चालणं ५ मिनिटं दिवसातून चार वेळा असं सुरू केलं, आता १२ मिनिटांवर आलोय, चालताना बोलता आलं पाहिजे हा नियम. ब्रा विचारली तेव्हा आई लाजली आणि मग म्हणाली बरं झालं विचारलंस. काल मी कामावर परत रुजू झाले. ३ दिवस रजा अजून शिल्लक आहे.

श्वास_घ्या
किती छान. १२ मिनिटं १९ व्या दिवशी म्हणजे उत्तम. कार्डिॲक रिहॅबचा (हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करून घेतात तो) कार्यक्रम जवळपास असेल तर नाव घाला आत्ताच.

शाईपेन
वाचून डोळ्यांत पाणी आलं. चष्मा!

वाळूघड्याळ
ताई, मग शेवटी उत्तर काय? रजा कधी? आमचं पुढच्या महिन्यात आहे.

आडवाट
@वाळूघड्याळ, मी ३ दिवस तिथे आणि ८ दिवस घरी असं केलं आणि मला ते बरोबर वाटत होतं. पण काल आईला तुमचा प्रश्न वाचून दाखवला तर ती वेगळंच बोलली. ती सांगतेय तसं टाइप करतेय:

"पहिला आठवडा घरी मला फारसं आठवतच नाही. औषधांची गुंगी, झोप, उठ. तू होतीस हे चांगलंच, पण तेव्हा कुणीही असतं तरी चाललं असतं. तू कामावर गेलीस तो दिवस वाईट होता. दुखणं कमी झालेलं, भेटायला येणारे थांबलेले, सगळ्यांना वाटतं आता बरी झाली. आणि मला मात्र उगाच रडू यायचं. टीव्ही बघताना, कंगवा हातात घेतल्यावर. रात्री तीनला जाग यायची, स्वतःच्या छातीतले ठोके कानात ऐकू यायचे आणि वाटायचं आता थांबणार. तुझ्या बाबांना सांगितलं नाही, ते घाबरतात."

मला हे अजिबात माहीत नव्हतं. मी त्याच घरात होते. संध्याकाळी आले की ती हसून बोलायची.

तिसरा_मजला
काकूंना माझा नमस्कार सांगा. मला पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच झालं होतं हे, ४१ व्या वर्षी, बाथरूमचा नळ सोडून रडायचो. हृदयाच्या ऑपरेशननंतर खूप जणांना होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. पण डॉक्टरांना सांगायचंच, जखमेबद्दल सांगतो तसंच. दोन आठवड्यांच्या वर टिकलं, झोप-जेवण उडालं तर त्यावर उपचार आहेत आणि त्याने चालणं-व्यायाम पण सुधारतो. मी सांगितलं नाही आणि उगाच चार महिने काढले.

धुकं
मावशींचं पण असंच. दुसऱ्या वेळी मांडीतून केलं तेव्हा नाही झालं, पहिल्या वेळी झालं होतं. तेव्हा कुणी विचारलंच नाही.

जुनी_वही
मी वर ठासून लिहिलं होतं "घरी, डोळे झाकून घरी". काकूंचं वाचल्यावर नवऱ्याला विचारलं, चार वर्षांनी पहिल्यांदा. म्हणाला हो, महिनाभर होतं तसं. वाळूघड्याळ, रजेतले तीन-चार दिवस तिसऱ्या चौथ्या आठवड्यासाठी मागे ठेवा. सलग नसले तरी चालतील, मध्येच एखादा दिवस.

आडवाट
उरलेल्यातला पहिला दिवस उद्या घेतलाय. काही ठरवलेलं नाही, आईबरोबर दोन्ही वेळा चालायला जाणार आणि परवा डॉक्टरांच्या भेटीत विचारायच्या गोष्टी दोघी मिळून लिहिणार. पहिल्या ओळीत रडण्याचं तिने स्वतः लिहिलंय. दुसऱ्या ओळीत लिहिलंय: पोहायला कधी जाऊ शकते. श्वास_घ्या ताई, तुम्हाला काही अंदाज?

श्वास_घ्या
जखम पूर्ण कोरडी आणि हाड पक्कं झाल्यावर, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, सर्जननी हो म्हटल्यावर. त्याआधी बाथटब किंवा तलावात बसून राहणं पण नको. काकू आधी पोहायच्या का?

आडवाट
नाही. कधीच नाही. आता शिकणार म्हणते.